थोरलीचा मान

क्लातेन, ४ जुलै १९९४

पलुपी,

जाताना तू सलाम केला नाहीस, म्हणून मीही या पत्राच्या माथ्यावर सलाम लिहिलेला नाही. फिट्टंफाट.

मी तुझी सख्खी थोरली बहीण. तू घर मोडलंस, शिवणयंत्र ट्रकवर चढवलंस आणि नवऱ्यामागे समुद्रापार बालिकपापानला निघून गेलीस, ही बातमी मला कुठे कळावी? सुमीच्या दुकानात, अंडी घेताना. "अय्या, बू गुरू, तुम्हाला माहीतच नव्हतं?" असं विचारून ती वर दात काढते. मी म्हटलं, माहीत होतं की, मीच म्हटलं जा म्हणून. दुसरं काय म्हणणार होते? शाळेतली बाई मी, गावभरच्या पोरांना रीतभात शिकवते, आणि माझीच बहीण न सांगता गेली म्हणू?

वेनिंगचं झालं ते वाईट झालं, पण तोंड लपवून पळण्यासारखं त्यात काय होतं? जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तुझी मुलगी मुद्दाम हरायला लागली. पंचांनी दोनदा बजावलं, मग बाहेर काढलं. संघटनेने वर्षभर बॅडमिंटन खेळायची बंदी घातली. यात दोष कुणाचा? रॅकेट तिच्या हातात होती, माझ्या नाही. लोक वरून शेंगांची टरफलं टाकत होते, "किती घेतलेस गं हरायचे?" म्हणून ओरडत होते, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच उठून म्हणाले, "लेकरू आहे, जाऊ द्या." हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आणि जाताना तिने लारासचा निरोपही घेतला नाही. माझी लारास तिची म्बाक आहे, ताई आहे. वेनिंग वयाने पाच महिन्यांनी मोठी असेल, उंचीने वीतभर जास्त असेल, पण थोरल्या बहिणीची मुलगी ती थोरली, आणि धाकटीच्या मुलीने तिला म्बाकच म्हणायचं. हे मी नवीन काढलेलं नाही. थोरल्या मावशीचा मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून आपण दोघी त्याला अहोजाहो करत होतो, विसरलीस? तुझ्या मांडीवर मुतला तेव्हासुद्धा तू "अहो, काय हे!" म्हणाली होतीस. आई केवढी हसली होती.

तू म्हणे सुमीला म्हणालीस की "म्बाक कुसरिनीने माझ्या पोरीला काहीतरी सांगितलं असणार". मी काही बोललेले नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी वेनिंग आली होती, नेहमीसारखी अंगण झाडून गेली. मी तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, डोक्यावर हात ठेवला. मावशीने एवढंही करायचं नाही का?

तिचे बूट मागच्या ओट्यावर राहिलेत. म्हणजे लारासचेच, जुने. दुसऱ्याने दिलेली वस्तू निदान आठवणीने न्यावी. पाठवायचे की टाकून द्यायचे ते कळव.

लारासला सेमारांगच्या वसतिगृहाच्या निवडीला बोलावणं आलंय, डिसेंबरात. जिल्ह्याची विजेती म्हणून. तिथं घेतलं की राहणं, शाळा, सराव, सगळं त्यांचं. तिथूनच पोरी पुढे देशाकडून खेळतात. तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिते. हेवा करू नकोस.

कुसरिनी


क्लातेन, १९ ऑगस्ट १९९४

पलुपी,

दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. टपाल बालिकपापानलाही जातं म्हणतात.

परवा स्वातंत्र्यदिन होता. गल्लीत पोरांच्या शर्यती झाल्या, दोरीला टांगलेले पापड तोंडाने खायचे, गोणपाटात पाय घालून उड्या मारायच्या. दरवर्षी लारास सगळ्यांत पुढे. या वर्षी ओट्यावरून उठली नाही. मी ओढून नेली, तर पापडाखाली तोंड मिटून उभी राहिली. लोक बघत होते. मी हसत म्हटलं, सेमारांगला जायचंय ना, दात जपतेय.

खरं सांगायचं तर पोरीचं काही खरं नाही. जिंकलेला चषक तिने मागच्या अंगणात नेऊन ठेवलाय आणि त्यात कोंबड्यांना पाणी घालते. मी रागावले तर म्हणाली, "इबु, त्या आवडीने पितात." तिचे वडील साखर कारखान्यातून येतात, तो चषक बघतात आणि त्यांना हसू येतं. या घरात मला रडू येणारी गोष्ट दिसली की त्यांना हसू येतं.

सरावाला जाते, पण उडी मारत नाही. प्रशिक्षक पाक सुगेंग मला म्हणाले, "बू, लारासचं अंग इथे येतं, लारास येत नाही." आणि घरी तिचा एकच प्रश्न. भात वाढताना, कपडे वाळत घालताना, तोच. "वेनिंगने असं का केलं?" मी म्हणते, मला काय माहीत. मग ती माझ्या तोंडाकडे बघत बसते.

म्हणून एक काम सांगते, आणि थोरली सांगते म्हणून कर. वेनिंगकडून लारासला चार ओळी लिहून घे. पाय दुखत होता, सांगायला लाज वाटली, म्हणून नीट खेळता आलं नाही. एवढंच. कुणाचं काही जात नाही. लारासच्या मनातली कुसळं निघतील, डिसेंबरपर्यंत उडी मारायला लागेल.

तू म्हणशील, हे खोटं आहे. असेल. पण वेनिंगच्या हातचं खोटं लारासला खरं वाटेल, म्हणून तर तिच्याकडून हवंय. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात काय झालं होतं आठव. फूल तिच्या रॅकेटच्या कडेला जेमतेम घासून बाहेर गेलं. पंचांना दिसलं नाही, समोरच्या पोरीला कळलं नाही, आणि ही हात वर करून म्हणाली, "माझ्या रॅकेटला लागलं." सामना गेला. खिलाडूवृत्तीचं बक्षीस मिळालं, एक फुलदाणी. मी तेव्हा म्हटलं होतं, पोर आहे की मशिदीतला काझी! त्या दिवसापासून अख्खा क्लब तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो विश्वास नुसता पडून आहे. घरच्या माणसाच्या उपयोगी पडला तर काय बिघडलं?

आणि तुझ्या मनात काही असेल तर तेही सांगून टाकते. त्या दिवशी वेणी घालताना मी तिला फक्त एवढंच म्हटलं, की खेळताना शिष्टाचार सोडू नकोस. हे मी वर्गात चाळीस पोरांना रोज म्हणते. त्यातलं कुणी अजून मुद्दाम हरलेलं नाही.

पत्र लवकर पाठव.

कुसरिनी

बुटांचं कळवलं नाहीस. ओट्यावरच आहेत.


क्लातेन, ९ ऑक्टोबर १९९४

पलुपी,

आलं तुझं पत्र. शाई महाग झाली का तिकडे? मी तुझ्यासाठी दोन-दोन पानं लिहावीत आणि तू एवढंच लिहावंस:

"म्बाक, पाय तिचे रोजच दुखत होते, पण हरली ती त्यामुळे नाही. खोटं ती लिहिणार नाही. आयुष्यात एकदा खोटं खेळली, तुमच्या शब्दाखातर, तेवढं पुरे झालं. बूट टाकून द्या."

शाळेत जाऊन मी त्या दिवशी चार पोरांना विनाकारण उन्हात उभं केलं.

बोलली का शेवटी ती? मला वाटलंच होतं, पोटात ठेवायची नाही. बरं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मी बोलले ते असं. मी वेणी घालत होते, ती माझ्यासमोर खाली बसली होती.

मी विचारलं, "उद्या जाळीपलीकडे कोण आहे?"

म्हणाली, "म्बाक लारास."

"म्बाकच्या आधी ताटात हात घालतेस का तू?"

"नाही, बुदे."

"म्बाकच्या आधी दारातून जातेस?"

"नाही, बुदे."

"मग?"

हळूच म्हणते, "पण बुदे, खेळात?"

मी म्हटलं, "का, खेळ काय चंद्रावर असतो? तिथं नाती नसतात?"

तर तुझी लेक, पलुपी, जिला मावशीपुढे मान वर करता येत नाही, ती काय म्हणाली माहितेय? "पाक सुगेंग म्हणतात, समोरच्याचा मान राखायचा असेल तर जीव तोडून खेळायचं. हळू खेळणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं."

मला उलट उत्तर. मला! मी म्हटलं, "पाक सुगेंग तुला दुपारचं जेवू घालतात का गं? तुझ्या पायातले बूट पाक सुगेंगचे आहेत का?"

"म्बाकचे आहेत."

"मग झालं तर."

एवढंच. हात नाही उगारला, आवाज नाही चढवला. वेणी जरा घट्ट आवळली गेली असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्या वेणीचं.

आता तू मला पापी म्हण. पण एकदा आईच्या जागेवर बसून विचार कर. तुला काय वाटतं, वेनिंग जास्त चांगली खेळते हे मला दिसत नव्हतं? मी आई आहे, आंधळी नाही. तुझी मुलगी मागच्या रेषेवरून उलट्या हाताने फूल असं अलगद टाकते की ते जाळीवर बसून विचार करून मग पडतं. लारासला ते सात जन्मांत जमणार नाही. म्हणूनच म्हणते, वेनिंगला आज ना उद्या कुणीही बोलावेल. वर्ष गेलं तर गेलं. लारासला दारं उघडण्याची ही एकच वेळ होती. दोन बहिणींत एकीकडे ढीगभर असेल आणि दुसरीकडे चिमूटभर, तर ढिगातलं थोडं सरकवायचं नाही? आपल्यात याला माया म्हणतात.

आणि बदनामी झाली ती तिच्या वेंधळेपणाने. मला वाटलं पोर शहाणी आहे, दोन-चार फुलं बोटभर बाहेर मारेल, दोन जाळीत घालेल, पहिला गेम रंगवून तिसरा सोडेल, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण हिला साधं हरतासुद्धा येईना! सर्व्हिस जाळीत घालायची आणि उभी राहायची. फूल आलं की बघायची. हात खाली, मान खाली, शिक्षा भोगायला उभी असल्यासारखी. आंधळ्या पंचालाही दिसलं असतं. खोटं करायचं तर निगुतीने करावं.

हे सगळं मी तुला लिहिते आहे, लारासला यातलं एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर याद राख. लेबारानला, ईदच्या दिवशी, तुम्ही सगळी माझ्या पाया पडायला याल तेव्हा दार बंद दिसेल.

कुसरिनी


क्लातेन, १८ डिसेंबर १९९४

पलुपी,

तुझं समाधान झालं असेल. सेमारांगची निवड झाली. लारासला घेतलं नाही.

कसं ते सांगते, नाहीतर सुमीच्या दुकानातून तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचेल.

ते बूट. तू टाकून द्या म्हणालीस, मी टाकणारच होते, राहून गेलं. महिन्यापूर्वी लारास ओटा झाडत होती. बूट उचलले तर पुढचा भाग दोन्हींचा पात्याने कापलेला, बोटं बाहेर यावीत असा, आणि वरून कापड पांढऱ्या दोऱ्याने शिवून घेतलेलं, दिसू नये म्हणून. शिवण तुझ्या हातची होती, मी ओळखली. आत टाचेपाशी काळे डाग. लारासने ते बूट माझ्यापुढे आणून ठेवले.

"इबु, हे माझे होते ना?"

"हो."

"माझे पाय वेनिंगपेक्षा लहान आहेत."

"मग?"

"माझे जुने झालेले, मला लहान झालेले बूट, तुम्ही तिला देत होता?"

मी म्हटलं, "थोरलीचं जुनं धाकटीला जातं. अशीच रीत असते."

"पण ती मोठी आहे, इबु."

तीन वर्षं, पलुपी. तीन वर्षं तुझी मुलगी एक माप लहान बूट घालून माझ्या मुलीला हरवत होती, आणि एकदासुद्धा बोलली नाही. मला आधी अभिमानच वाटला. म्हटलं, बघ, याला म्हणतात वळण. मी लारासला तसं बोलूनही दाखवलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी चुलीवरचं बघायला आत गेले.

मग ती वडिलांकडे गेली. वेणीच्या दिवशी ते मागच्या अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. मला वाटलं होतं कान पंपाकडे असतील. त्यांनी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. सहा महिने हा माणूस तो शब्दन् शब्द पोटात घेऊन माझ्यासमोर भात खात होता.

लारास माझ्याशी भांडली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून इतकी गुणी झाली की शेजारणी कौतुक करायला लागल्या. हाक मारली की "जी, इबु". सरावाला वेळेवर. उड्याही मारायला लागली. पाक सुगेंग म्हणाले, लारास परत आली. मी दर्ग्यावर फुलं वाहून आले. मूर्ख, मूर्ख बाई मी.

सेमारांगला मोठं सभागृह, लाकडाची जमीन, सगळीकडे पांढरे दिवे. पोरींच्या आया भिंतीला ओळीने बसलेल्या. लारासचा सामना एका सोलोच्या पोरीशी होता, साधीच पोर, लारास सहज जिंकली असती. खेळ सुरू व्हायच्या आधी ती त्या पोरीच्या आईपाशी गेली, हात कपाळाला लावून पाया पडली, दोन शब्द बोलली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती वळणदार मुलगी! कुणाची?" मी म्हटलं, "माझी." आयुष्यात इतक्या सुखाने तो शब्द मी कधी बोलले नव्हते.

मग तिने पिशवीतून बूट काढले. ते. कापलेले.

तिला ते केव्हाचेच लहान, त्यात वर्षभरात पाय आणखी वाढलेत. बोटं बाहेर. लंगडत आत गेली, समोरच्या पोरीला वाकून नमस्कार, पंचांना नमस्कार, आणि पहिली सर्व्हिस जाळीत. समोरून फूल आलं, उभी. पुन्हा आलं, उभी. हात खाली, मान खाली. हुबेहूब वेनिंग. पलुपी, मला क्षणभर वाटलं की तीच उभी आहे.

पंच म्हणाले, खेळ. "जी," म्हणाली, आणि पुन्हा जाळीत. तिसऱ्यांदा त्यांनी बाहेर जा म्हणून हात वर केला तेव्हा तिने त्यांचे आभार मानले. समोरची पोर रडायला लागली, तिला वाटलं आपली चेष्टा चाललीय, तर ही जाळीखालून पलीकडे गेली, तिची क्षमा मागितली, म्हणाली, "तुझ्यासाठी नाही हे. तुझ्याशी मी पुन्हा कधी खरं खेळेन."

मग त्या सगळ्या आयांच्या रांगेसमोरून माझ्याकडे आली. खाली बसली, माझा हात घेतला, कपाळाला लावला, आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाली, "इबु, तिची आई तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मी आधी विचारून घेतलं. म्हणून मान राखला."

वसतिगृहाचे प्रशिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "बू, मुलीला खेळ येतो. पण घरचं भांडण मैदानात आणणारी मुलं आम्ही घेत नाही." मी म्हटलं, माझ्या घरी भांडण नाही, तिने कधी मला उलट शब्द काढलेला नाही. ते म्हणाले, "तेच."

हे कुणाचं शिक्षण? तुझ्या लेकीचं. गप्प राहून छळायचं तिनेच शिकवलं माझ्या पोरीला. मी दोघींनाही वळण लावलं आणि दोघींनी त्याचा माझ्याच गळ्याला दोर केला. तुला आनंदाच्या उकळ्या फुटत असतील. फुटू देत. तुझा हक्कच आहे.

कुसरिनी


क्लातेन, २० फेब्रुवारी १९९५

दिक पलुपी,

अस्सलामु अलैकुम. या वेळी लिहिते आहे सलाम, आणि नावाआधी दिक, धाकटी बहीण म्हणूनही. रोजाचे दिवस आहेत, म्हणून.

लारास तुझ्याकडे पोचल्याचं तिच्या वडिलांनी तारेने कळवलं. सुराबायाहून जहाजात तिला उलट्या झाल्या म्हणे. तिला नारळाचं पाणी देत जा, गरम काही देऊ नकोस. कारखान्यातून रजा काढून ते तिला सोडायला आले आणि तिथेच राहिले, रजा संपली तरी. मी विचारत नाही कधी येणार. विचारलं तर उत्तर येईल.

पायांना तिच्या मलम लाव. बोटांची सालं गेली होती. माझ्याकडून लावून घेत नव्हती. "नको, इबु, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नसतो," म्हणायची. बरोबरच आहे, रीत तीच आहे.

परवा मी बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानातून तुझ्या शेजाऱ्यांकडे फोन केला. तुला सांगितलं नसेल त्यांनी. त्या बाईने "बोलावते" म्हणून फोन बाजूला ठेवला आणि विसरली बहुतेक. मी काचेच्या खोलीत कानाला लावून उभी राहिले. बाहेर ओळ लागली होती, लोक काचेवर टकटक करत होते.

तुमच्या अंगणातला आवाज येत होता. फुलाचा टप, टप. बंदी घराच्या अंगणाला लागू नसावी. मग लारासचा आवाज आला, मोठ्याने, धापा टाकत, "अकरा-तीन! मेले! म्बाक वेनिंग, तुम्ही जरासुद्धा दया करत नाही हो!"

आणि वेनिंग म्हणाली, "दया हवी तर बुलिक मावशीकडे जा, स्वयंपाकघरात आहे. इथे खेळायला आलीस ना?"

आणि माझी मुलगी हसली. तीन गुणांवर हरून हसली. जिल्ह्याचा चषक हातात घेतला तेव्हा हसली नव्हती ती.

ऐकलंस ना काय म्हणाली? म्बाक वेनिंग. थोरलीच्या मुलीने धाकटीच्या मुलीला म्बाक म्हटलं, आणि वर अहोजाहो. आईने हे ऐकलं असतं तर कबरीत कूस बदलली असती. आणि तुझी पोर खुशाल "आलीस ना" म्हणते, अडखळत नाही. तू ऐकतेस आणि गप्प बसतेस? तिला समजाव. रागाने नको, नीट समजाव. म्हणावं, खेळात काय वाटेल ते कर, पण हाक मारताना... जाऊ दे. नको सांगूस. हसते तर हसू दे.

मी फोन ठेवला. त्या बाईला म्हणावं, विसरलीस ते बरं केलंस.

आता लेबारानला दोन आठवडेही राहिले नाहीत. मी घर सारवल्यासारखं पुसून काढलंय. अननसाची बिस्किटं केली, बरण्या भरल्या, सात बरण्या. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्यात, माझी मधली, दोन्ही बाजूंना बाकीच्या. दरवर्षी तू पहिली यायचीस. गुडघ्यावर बसून, माझ्या मांडीवर डोकं टेकवून म्हणायचीस, "म्बाक, वर्षभरात कळत-नकळत चुकले असेन, माफ करा." मग तुझा नवरा, मग वेनिंग. वेनिंगचं डोकं मांडीवर आलं की मी तिचे केस चाचपून बघायची, तेल लावते की नाही. यंदा कोण येईल? शाळेतली चार पोरं येतील, बिस्किटं खिशात भरून जातील.

मी आई-बाबांच्या कबरीवर जाऊन आले. मावशी गेली, मागोमाग तिचा मुलगाही गेला, काका गेले, आपल्या सगळ्या नात्यात माझ्याहून थोरलं आता कुणी उरलेलं नाही. हे मला कबरीवरचं गवत उपटताना कळलं. ज्याच्या मांडीवर मी डोकं टेकवावं असं माणूसच नाही. धाकटी सगळी आहेत, समुद्राच्या पलीकडे, एका अंगणात. आणि थोरल्यांनी उठून धाकट्यांच्या दारात जायचं नसतं. पाहुणे म्हणूनही नाही, लेबारानला तर नाहीच. लोक काय म्हणतील ते सोड, तूच काय म्हणशील? वेनिंगच्या पुढे मी कशी बसू, खुर्चीत की खाली?

जहाज मंगळवारी आहे, सुराबायाहून. चौकशी केली मी, सहज. तिकीट काढलेलं नाही. काढणार नाही.

वेनिंगच्या पायाचं माप काय आहे तेवढं कळव. कागदावर पाऊल ठेवायला सांगून पेन्सिलने रेघ काढून पाठव, म्हणजे चूक व्हायची नाही. नवे बूट टपालाने पाठवीन. खोक्यावर माझं नाव घालणार नाही, तिला सांगू नकोस कुणी दिले. विचारलंच, तर म्हण लारासच्या पायात होत नव्हते.

तुम्ही याल या हिशेबाने खुर्च्या तशाच मांडून ठेवते. मी थोरली आहे. मला येता येत नाही.

कुसरिनी